बासरीचे सोवळे

माणसाचे गोत्र विचारण्याची खोड आपल्या समाजातून हळूहळू जात चालली आहे, असे म्हणतात. जात असेलही, पण जाता जाता ती वस्तूंच्या घरी मुक्कामाला राहिली आहे. गूळ कोणत्या गुऱ्हाळातला, आंबा कोणत्या कलमाचा, हळद सांगलीची की दुसऱ्या गावची, हे विचारण्यात वावगे काही नाही. तिथे कुळाप्रमाणे गुण बदलतात. पण जिथे कुळाने गुणात काडीचाही फरक पडत नाही, तिथेसुद्धा आपण तोच प्रश्न विचारतो आणि उत्तर मनाजोगते आले नाही की नाक मुरडतो. या नाक मुरडण्याला बळी पडलेल्या अनेक वस्तूंपैकी एकीचे वकीलपत्र मी आज घेतले आहे. ती वस्तू म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीची बासरी.

चकलीचा तुकडा मोडत हा अंक चाळणाऱ्या वाचकाला विषय जरा क्षुल्लक वाटेल. पण याच दिवसांत कितीतरी घरांतून एखादे पोर ‘मला बासरी शिकायची’ म्हणून हट्ट धरते आणि आईवडील त्याला घेऊन दुकानाची पायरी चढतात. जत्रेतली रंगीत दोऱ्यांची बासरी स्वस्त असते, परंतु तिचा षड्ज एका गावाला आणि पंचम दुसऱ्या गावाला. मैफलीत वाजवावी अशी, सुरात नीट लावलेली लांब वेळूची बासरी घ्यायची तर काही हजार रुपये मोजावे लागतात. मग आईवडील एकमेकांकडे पाहतात, पोर जमिनीकडे पाहते, आणि पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते. त्याच वेळी नळाच्या पाइपातून कोणी जाणत्याने मोजमाप करून कापलेली, सुराला चोख अशी बासरी चहाभज्यांच्या खर्चात तयार होऊ शकते. पण ती घ्यायची नाही. का, तर ती ‘खरी’ नव्हे!

हा ‘खरी’ शब्द किती निर्दय होऊ शकतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्याच भागातल्या एका आंतरशालेय स्पर्धेला मी श्रोता म्हणून गेलो होतो. तासगावकडच्या एका खेड्यातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी भूप वाजवून गेली. बासरी पांढऱ्या पाइपाची होती. द्राक्षबागेला पाणी देण्यासाठी आणलेल्या पाइपाचा उरलेला तुकडा असावा. त्यावर कारखान्याची निळी अक्षरे तशीच होती. गांधार लागला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांचीही कुजबुज थांबली. वादन संपल्यावर परीक्षकांनी तिला जवळ बोलावले, बासरी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘बाळ, पुढच्या वेळी खरी बासरी आण.’’ सुराबद्दल एक अक्षर नाही. परीक्षकांचे नाव मी सांगत नाही. कारण त्या वाक्याखाली सही करायला तयार असलेली शंभर माणसे मला सातारा-सांगलीच्या टापूतच दाखवता येतील, आणि त्यांतली पुष्कळशी माझी मित्रमंडळी आहेत. माझे भांडण त्या वाक्याशी आहे.

तेव्हा प्रथम मूळ प्रश्नच विचारू. बासरी वाजते म्हणजे नेमके काय वाजते?

सतारीत तार वाजते, हे उघड दिसते. तबल्यात पुडी वाजते, हेही दिसते. बासरीत मात्र जे वाजते ते दिसत नाही, म्हणून जे दिसते त्याला, म्हणजे वेळूला, आपण सारे श्रेय देऊन टाकतो. वस्तुस्थिती अशी की बासरीत हवा वाजते. ओठांतून निघालेला फुंकेचा पातळ झोत मुखरंध्राच्या पलीकडच्या काठावर आदळतो. क्षणात आत, क्षणात बाहेर असा तो डोलू लागतो. आणि त्याच्या तालावर नळीतला हवेचा स्तंभ कंप पावतो. नळीचे काम एवढेच, की या स्तंभाला आकार द्यायचा. भिंतही किंचित थरथरते, नाही असे नाही. पण तिच्यातून कानापर्यंत पोचणारा नाद हवेच्या नादापुढे नगण्य असतो. नदी वाहते तेव्हा काठाला आपण नदी म्हणत नाही. मग काठ काळ्या मातीचा की मुरमाचा यावरून पाण्याची जात का ठरवावी?

‘‘हे पुस्तकी झाले,’’ असे कोणी म्हणेल. ठीक आहे, पुस्तक मिटू आणि प्रयोगाकडे वळू. अमेरिकेतील जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ साली आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने आतून एकाच मापाच्या तीन बासऱ्या तयार केल्या : एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. फुंकण्याचा भाग तिन्हींना सारखाच, प्लॅस्टिकचा ठेवला. ऐकणाऱ्यांना त्या दिसणार नाहीत आणि वाजवणाऱ्यालाही आपल्या ओठाशी कोणती आहे ते कळणार नाही, अशी व्यवस्था केली. निष्कर्ष असा निघाला, की ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही, आणि वाजवणाऱ्यांनाही आला नाही. पुढे २००१ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी एकाच नमुन्याच्या, पण चांदीपासून सोन्या-प्लॅटिनमपर्यंत वेगवेगळ्या धातूंच्या बासऱ्या घेऊन पुन्हा हीच परीक्षा केली. तिथेही वादकावादकांत फरक दिसला. धातूधातूंत दिसला नाही. सोन्याची बासरी आणि चांदीची बासरी यांतला फरक सराफाच्या काट्यावर कळतो, कानाला कळत नाही, असाच याचा अर्थ.

असे मोजूनमापून बोलणे हे काही केवळ साहेबाचे खूळ नव्हे. ते आपल्याच मातीत एकदा उगवले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा प्रश्न नुसत्या श्लोकांवर सोडला नाही. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचा प्रत्यक्ष स्वर ऐकून तारेच्या लांबीवर मापे घेतली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर आपले पुस्तक काढले. त्या काळी साताऱ्यास न्यायखात्यात असलेले ई. क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी त्यांच्या या उद्योगात सामील झाले, आणि त्यातून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. देवलांचे निष्कर्ष सर्वांना पटले नाहीत, त्यांवर वादही पुष्कळ झाले. पण आधी मोजावे आणि मग बोलावे, ही त्यांची रीत होती. ज्या सांगली-साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी लोक श्रुती मोजत होते, तिथे आज आपण बासरी डोळ्यांनी ऐकतो!

यापुढचा आक्षेप परंपरेचा. कृष्णाची मुरली वेळूची होती, तेव्हा बासरी वेळूचीच हवी. या आक्षेपातील भक्तिभावाला माझा नमस्कार आहे. परंतु परंपरेचा आधार घ्यायचा तर तो पुरता घ्यावा. माणसाच्या हातची जुन्यात जुनी बासरी जर्मनीतल्या गुहांत सापडली आहे. ती सुमारे पस्तीस ते चाळीस हजार वर्षांपूर्वीची असून गिधाडाच्या हाडाची आणि मॅमथच्या सुळ्याची आहे. चीनमध्ये आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या बासऱ्या मिळाल्या, त्या क्रौंच पक्ष्याच्या हाडाच्या. ‘जे जुने ते सोने’ म्हणणाऱ्याने मग हाडाचीच बासरी मागावी! प्रत्येक काळातल्या माणसाने आपल्या हाताशी जी पोकळ नळी आली तिच्यात प्राण फुंकला, एवढीच खरी परंपरा आहे. गुहेतल्या माणसाला गिधाडाचे हाड सापडले, गुराख्याला वेळू सापडला, आणि द्राक्षबागेतल्या मुलीला पाइप सापडला. परंपरा कोणी मोडली असेल तर ती मुलीने नव्हे.

पाश्चात्त्यांचेच पाहा. त्यांची मैफलीची बासरी शतकानुशतके लाकडाची होती. जर्मनीच्या थिओबाल्ड बोमने १८४७ साली सरळ नळीची धातूची बासरी आणली, तेव्हा तिकडच्याही सोवळ्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढे कित्येक वर्षे लाकूड सोडले नाही. आज तीच धातूची बासरी तिकडे ‘खरी’ आहे आणि गंमत म्हणजे वाद्यवृंदात अजून ती काष्ठवाद्यांच्याच पंगतीत बसते. त्याही आधी, १८०६ साली, पॅरिसच्या क्लोद लोराँने काचेच्या बासरीचे पेटंट घेतले होते. त्याने घडवलेली एक स्फटिककाचेची बासरी १८१३ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांना भेट म्हणून गेली. ती आजही वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे आणि २०२२ साली एका गायिकेने ती वाजवूनही दाखवली. आता फिनलंडमध्ये कार्बनच्या तंतूंची आणि तैवानमध्ये प्लॅस्टिकची मैफलीची बासरी होते, आणि लोक त्या वाजवतात. लाकूड गेले, धातू आला. धातूशेजारी काच, कार्बन आणि प्लॅस्टिक येऊन बसले. संगीत होते तिथेच आहे.

आपल्याकडच्या लांब बासरीची कथा याहून वेगळी नाही. मैफलीत राग आळवता येईल अशी मोठी, सुमारे बत्तीस इंचांची बासरी पन्नालाल घोष यांनी रूढ केली. १९११ साली जन्मलेला हा कलावंत १९६० साली गेला, पण मधल्या काळात त्याने गुराख्याच्या पाव्याला सतार-सरोदाच्या शेजारी बसवले. ही बासरी ठरवताना त्यांनी निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले आणि अखेर वेळू पसंत केला. वेळूचे अभिमानी नेमके हेच उदाहरण माझ्या तोंडावर फेकतात. मी ते आनंदाने झेलतो. कारण त्यांनी आधी वापरून पाहिले आणि मग निवडले! पदार्थाची जात विचारून त्यांनी कोणाला दाराबाहेर ठेवले नाही. शिवाय त्यांच्या काळात आजच्यासारखी गुळगुळीत, एकसारख्या मापाची नळी गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नव्हती.

आता ‘आपल्या मातीतल्या’ वेळूविषयी. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला वेळू उदंड आहे; पण आपल्याकडचा पुष्कळसा वेळू जाड भिंतीचा, आखूड पेरांचा, कधी कधी तर भरीवच. तो कुंपणाला, शिडीला, मांडवाला उत्तम. लांब पेराचा, पातळ भिंतीचा जो वेळू मैफलीच्या बासरीला लागतो, तो मुख्यतः आसामातून, सिल्चरच्या बाजूने येतो. उत्तर प्रदेशातले पीलीभीत हे बासरी करणाऱ्यांचे मोठे गाव. तिथले कारागीरही आसामच्याच वेळूवर विसंबून असतात. तेव्हा पुसेगावच्या जत्रेत आपण ‘गावची’ म्हणून जी बासरी घेतो, तिने आपल्यापेक्षा जास्त हिंदुस्थान पाहिलेला असण्याचा संभव फार.

आणि हा पाहुणा आपल्या हवेला नेहमीच मानवतो असेही नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एका टोकाला भिजून फुगलेला वेळू दुसऱ्या टोकाला वाळून आकसतो आणि एप्रिलच्या एखाद्या दुपारी टचकन तडकतो. म्हणून वादक बासरीला तेल देतात, दोऱ्याने आवळतात, तान्ह्या मुलासारखे कपड्यात गुंडाळून ठेवतात. जो आयुष्य बासरीला वाहणार आहे त्याने हे जरूर करावे. त्यात एक प्रेमही आहे. पण जिची बासरी तडकली तर दुसरी येणार नाही, अशा मुलीला ही सेवा सांगणे म्हणजे शिकण्याआधीच दंड भरायला लावणे होय. पाइप तडकत नाही. हवा कोरडी झाली म्हणून त्याच्या आतले माप बदलत नाही. उष्म्याने सूर चढतो, तो मात्र दोघांचाही चढतो, कारण तापते ती हवा. पंधरा अंशांच्या पहाटे हवेतून नादाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. पस्तीस अंशांच्या दुपारी तो ३५२ च्या जवळ जातो. फरक साडेतीन टक्क्यांचा. दोन लगतच्या स्वरांतले, म्हणजे शुद्ध आणि कोमल रिषभांतले अंतर सहा टक्क्यांच्या आसपास, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक केवढा ते कळेल. नळीतली हवा वादकाच्या उच्छ्वासाने ऊबदार राहते, म्हणून प्रत्यक्षात सूर इतका ढळत नाही. पण जेवढा ढळतो तेवढा वेळूचाही ढळतो आणि पाइपाचाही. निसर्ग सोवळे पाळत नाही.

सोवळे पाळणाऱ्यांची स्मरणशक्ती मात्र सोयीप्रमाणे चालते. हार्मोनियमची गोष्ट आठवा. परदेशातून आलेली ही पेटी. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असे म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले. १९७१ च्या सुमारास साथीपुरती तिला पुन्हा आत घेतले. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातले एक तरी भजनी मंडळ पेटीवाचून अडून बसले का? सांगलीवाडीत जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी ज्या पेटीला गाते केले, तिला आज कोणी परकी म्हणत नाही. व्हायोलिनही साहेबाचेच, पण औंधच्या दरबारी गवयाच्या, अंतुबुवा जोशांच्या घरातले गजाननबुवा त्यावर ख्याल वाजवीत, तेव्हा श्रोत्यांनी त्या लाकडाचा जन्मदाखला मागितला नव्हता. आणि सर्वांवर कडी अशी, की पाइपाच्या बासरीला ‘खोटी’ म्हणणारे कित्येक गृहस्थ पहाटे मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करतात! त्या तंबोऱ्याला भोपळा नाही, तार नाही, जव्हारी नाही. आहे ती नुसती नक्कल. तिला मान आणि पाइपाच्या बासरीला, जिच्यात खरी हवा खऱ्या फुंकेने वाजते, तिला हकालपट्टी! या न्यायाला काय म्हणावे?

तंबोऱ्याचा विषय निघाला आहे, तर माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींना इथे थोपवले पाहिजे. कारण बासरीचे हे समर्थन ऐकून कोणी उठेल आणि म्हणेल, ‘‘मग मिरजेच्या तंबोऱ्याला तरी भोपळा कशाला? फायबरचा गोळा लावा!’’ हे मला मुळीच मान्य नाही, आणि मान्य नसण्याचे कारण वर सांगितले तेच आहे. तारेला अंग नसते. ती एकटी हवेला पुरेशी ढकलू शकत नाही. तिचा कंप घोडीवरून तबलीत उतरतो, तबलीतून भोपळ्यात जातो आणि मग ते सगळे अंग मिळून नाद बाहेर टाकते. तिथे पदार्थच गातो. भोपळा किती हलका, त्याची साल किती जाड, तबलीचे लाकूड किती मुरलेले, यावर आवाजाची गोलाई ठरते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत वाढलेला, कडू जातीचा भोपळा निवडून, वाळवून, कापून जो कारागीर तंबोरा घडवतो, तो पदार्थाचे कूळ पाहतो, आणि पाहायलाच हवे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले.

पण त्याच मिरजेचा इतिहास सोवळ्याला अनुकूल नाही, हेही सांगून टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या फरीदसाहेबांनी मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, ते मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात शस्त्रांचे काम उतरणीला लागले, तेव्हा त्या हातांनी तंबोरा उचलला. ‘‘पात्याला धार लावणाऱ्याने तारेला हात लावू नये,’’ असे त्या वेळी कोणी ठणकावले असते आणि ते त्यांनी ऐकले असते, तर आज मानांकन कशाला मिळाले असते? पुढेही त्या कारागिरांनी काळाकडे पाठ फिरवली नाही. घोडीसाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरायची जुनी रीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग हळूहळू बंद झाला. मग वाद्ये घडवणारे आबनुसाकडे, उंटाच्या हाडाकडे आणि कृत्रिम पदार्थांकडे वळले. जव्हारी अजून लागते, आणि हत्तीचा जीव वाचतो. जिथे पदार्थ गातो तिथेसुद्धा जाणता कारागीर पर्याय शोधतो, घासून पाहतो, कानाने पारखतो. मग जिथे पदार्थ गातच नाही तिथे आपण का अडून बसावे?

‘‘मग वेळूवाल्यांच्या पोटाचे काय?’’ असा एक प्रश्न राहतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे उत्तर असे : वेळूच्या चांगल्या बासरीला गिऱ्हाईक कुठून येते? आधी कशावर तरी शिकलेल्या माणसांतून येते. पाइपावर शंभर मुले शिकली तर त्यांतली दहा पुढे चार पैसे मिळवू लागल्यावर मोठ्या हौसेने वेळूची बासरी घेतील. एकही शिकले नाही तर एकही घेणार नाही. पाइपाची बासरी वेळूच्या बासरीची सवत नव्हे; तिची बालवाडी आहे. प्लॅस्टिकच्या कचऱ्याविषयी बोलाल, तर भाजीवाल्याची पिशवी अर्ध्या तासात उकिरड्यावर जाते. बागेतल्या टाकाऊ तुकड्याची बासरी वीस वर्षे ओठाशी राहते. कचरा वाढवणारे हात दुसरे आहेत. पोराच्या हातातली बासरी काढून घेऊन नदी शुद्ध होणार नाही.

वकिलाने आपल्या अशिलाचे दोष लपवू नयेत, म्हणून तेही सांगतो. पाइप बाजारात ठरावीक मापांत मिळतो. बासरीची लांबी आणि आतला व्यास यांचे एक नाते असते. ते साधले नाही तर मंद्र भरला तर तार चोरतो, तार खुलला तर मंद्र घोगरा होतो. वेळू निवडताना कारागिराला शेकडो मापांतून पारख करता येते, पाइपात ती मोकळीक नाही. पाइपाची भिंत पातळ असेल तर मुखरंध्राची खोलीही कमी होते आणि फुंकेची जात बदलते. पुष्कळ लोक ज्याला ‘प्लॅस्टिकचा आवाज’ म्हणतात तो बहुधा या मापांचा आवाज असतो. कापणाऱ्याच्या हातचा दोष बिचाऱ्या प्लॅस्टिकच्या माथी बसतो. घामट बोटांखाली पाइप निसरडा होतो. उन्हात बंद मोटारीत ठेवला तर वाकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्याकडच्या पीव्हीसी पाइपांत शिशाचे क्षार वापरण्याची पद्धत पुष्कळ वर्षे होती. ती हटवण्यासाठी सरकारला २०२१ साली नियम करावे लागले. जी वस्तू ओठाला लावायची ती शिसेविरहित आहे याची खात्री करूनच घ्यावी, आणि कापताना-घासताना उडणारी भुकटी मुलांच्या नाकातोंडात जाऊ देऊ नये. जुन्या अडगळीतला, कुळी न कळणारा पाइप मात्र खुशाल नाकारावा. बघा, कूळ विचारायला माझी हरकत नाही. ते योग्य ठिकाणी विचारावे, एवढेच.

आणि निवडायची कशी? डोळे मिटून. दुकानात किंवा कारागिराकडे जाणत्या माणसाला बरोबर न्या. त्याला पाठमोरा उभा करा आणि तीन-चार बासऱ्या वाजवायला सांगा. तंबोऱ्याच्या षड्जाशी तिचा षड्ज मिळतो का, पंचम सरळ लागतो का, वरचा षड्ज खालच्या षड्जाशी भांडतो का, हे पाहा. हलक्या फुंकेला मंद्र जागा होतो का आणि जोराच्या फुंकेला तार फाटतो का, ते ऐका. मुखरंध्राच्या कडा स्वच्छ आहेत का, आत बूच घट्ट बसले आहे का, मुलाची बोटे शेवटच्या स्वररंध्रापर्यंत न ताणता पोचतात का, याची खात्री करा. ही सगळी परीक्षा झाली, की मग डोळे उघडा. हातात वेळू असेल तर उत्तम. पाइप असेल तर तोही उत्तम, आणि वर उरलेल्या पैशांत वर्षभराची शिकवणी होईल.

कला गरिबाच्या दारात जाते तेव्हा ती नेहमीच स्वस्त पोशाखात जाते. तिच्या अंगावर पैठणी नाही म्हणून तिला उंबऱ्यावरून परत पाठवायचे, आणि वर ‘हल्ली मुलांना अभिजात संगीताची गोडी राहिली नाही’ म्हणून सभांतून गळा काढायचा, हा दुटप्पीपणा आता पुरे झाला. तासगावकडच्या त्या मुलीच्या हातात होती ती खरी बासरी. तिच्यातला श्वास खरा होता, गांधार खरा होता, तिने घेतलेली मेहनत खरी होती. नळीवरची निळी अक्षरे वाचता येणाऱ्यांनी तो गांधारही वाचायला शिकावा. परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याची तेवढीच एक पात्रता आहे.